सुहैली आणि ‘एरिक’ घराण्याच्या बोटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिडाची बोट शिकायला आलेली मुलं, जहाजांची मॉडेल्स करणारे हौशी लोक आणि ‘हे आपल्या मुंबईत घडलं?’ म्हणून चकित होणारे गिरगाव-दादरचे वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम काटेकोर नाही. बोटींची मापं फुटांत दिली आहेत, कारण मूळ आराखडेही फुटांतच आहेत.

सुहैली ही नेमकी कुठली बोट?

32 फूट लांब, 11 फूट रुंद, दोन डोलकाठ्यांची सागवानी बोट. पाण्याखाली साधारण साडेपाच फूट. एकट्या माणसाने, वाटेत कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून जगाला वळसा घालण्याचा पराक्रम जगात पहिल्यांदा हिच्यावरून झाला. सुकाणूवर होते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, वय 29. 14 जून 1968 ला ते इंग्लंडमधल्या फालमथ बंदरातून निघाले आणि 22 एप्रिल 1969 ला तिथेच परतले.

ही बोट मुंबईच्या गोदीत, कुलाबा वर्कशॉपमध्ये, इथल्या सुतारांनी बांधली. इंग्लंडमध्ये तिचा मानमरातब मोठा आहे. आपल्याकडे गेटवेसमोर लाँचची वाट बघणाऱ्या दहा जणांना विचारा, एकालाही नाव माहीत नसेल.

नाव आखातातलं आहे. तिथले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य तारा.

‘एरिक’ हा काय प्रकार आहे?

एरिक हे आराखड्याचं नाव. विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकी आरेखकाने तो 1920 च्या दशकात काढला, पण त्याचं मूळ नॉर्वेत आहे. तिथे कॉलिन आर्चर नावाचे, स्कॉटलंडहून आलेल्या कुटुंबातले, नावा बांधणारे गृहस्थ होते. नॉर्वेचा किनारा वाईट, कोळ्यांच्या नावा वादळात सापडून बुडायच्या. म्हणून 1890 च्या दशकात खास बचावासाठी बोटी बांधल्या गेल्या. त्यातली आर्चर यांची 1893 ची बोट गाजली. या बोटींचं काम उफराटं होतं. वादळ आलं की बाकीच्यांनी बंदर गाठायचं आणि यांनी बाहेर पडायचं. मासेमारीच्या ताफ्याजवळ थांबायचं, अडकलेल्या नावेला दोर टाकायचा आणि ओढत आणायचं. इंजिन नाही, सगळं शिडावर.

अशा 47 फुटी बचावनौकेचा आकार अ‍ॅटकिन यांनी 32 फुटांत बसवला. वजनदार, पोट मोठं, पुढचं आणि मागचं अशी दोन्ही टोकं निमुळती, तळाचा कणा लांबच लांब. तोच एरिक.

शर्यतीच्या बोटींचा ‘वर्ग’ असतो त्या अर्थाने हा वर्ग नाही. तिथे मापात बोटभर फरक पडला तर बोट बाद होते. एरिक मात्र ज्याने बांधली त्याने आपल्या सोयीने फिरवून घेतली. कुणी शिडं बदलली, कुणी केबिन. म्हणून मी घराणं म्हणतो. 1970 च्या दशकात अमेरिकेत याच आकारावरून फायबरची वेस्टसेल 32 निघाली आणि समुद्रावर घर करून राहणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली.

इंग्रज खलाशी, अमेरिकी आराखडा, नॉर्वेचा आकार. मग बांधणी मुंबईत का?

कारण माणूस इथे होता. नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते आणि मुंबई ते आखात अशी त्यांची ये-जा असायची. बोट बांधून ती स्वतःच चालवत मायदेशी न्यायची, असं त्यांनी आणि काही सहकाऱ्यांनी ठरवलं. मुंबईत सागवान होतं, ते कापणारे-तासणारे हात होते आणि हे सगळं एका जहाजी अधिकाऱ्याच्या पगारात बसत होतं.

आराखड्याची गंमत आहे. त्यांनी मागवला होता दुसराच, टपालाने आला तो एरिकचा, तेव्हाच चाळीस वर्षं जुना झालेला. परत पाठवून नवा मागवण्याइतका वेळ नव्हता. जे आलं त्यावर काम सुरू झालं. 1963 साल.

हाताने बांधली म्हणतात, म्हणजे किती हाताने?

जवळजवळ सगळीच. फळ्या आणि बरगड्या वाकसाने तासलेल्या. भोकं पाडायला दोरीने फिरवायचा सामता. नॉक्स-जॉन्स्टन यांनी हे कौतुकाने सांगितलं आहे, पण इथल्या सुताराला त्यात नवल वाटलं नसतं. आराखडा कागदावर अमेरिकी असला तरी लाकूड कुठे वाकेल आणि कुठे चिरेल हे ज्याला कळत होतं तो माणूस इथला होता. बोट पाण्यात सोडताना नारळ फोडला गेला, शॅम्पेन नाही.

बातम्यांमध्ये नाव येतं ते कप्तानाचं. वाकस धरणारा त्यात नसतो.

सागवानाचं एवढं काय?

मुंबईत जहाजं बांधण्याचा सगळा इतिहास या एका लाकडावर उभा आहे. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले, त्यानंतर त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इथे जहाजं बांधली. ब्रिटिश नौदलासाठी 1817 मध्ये मुंबईत तयार झालेली ट्रिंकोमाली ही फ्रिगेट, म्हणजे वेगवान युद्धनौका, आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. तिचं लाकूड मलबारचं सागवान. तेव्हा इंग्लंडमध्ये ओकची टंचाई होती, म्हणून काम मुंबईकडे आलं.

सागात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे पाणी आत शिरत नाही, लाकूड कुजत नाही आणि लाकूड पोखरणारी समुद्री कीड ओकइतक्या सहजी लागत नाही. दुसरी गोष्ट लोखंडाची. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागात ते बरेच टिकतात. बरेच म्हणजे कायम नव्हे. त्याचा हिशेब सुहैलीला पुढे चुकता करावा लागला, तो खाली येईल.

मुंबईहून ती इंग्लंडला कशी पोहोचली?

चालत. म्हणजे शिडावर. डिसेंबर 1965 मध्ये नॉक्स-जॉन्स्टन, त्यांचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे मुंबईहून निघाले. महिना बरोबर निवडला होता. डिसेंबरात अरबी समुद्रावर ईशान्येचे वारे असतात. कोकण-कच्छची गलबतं शेकडो वर्षं याच वाऱ्यावर आफ्रिकेला जात आली. हे तिघे आधी मस्कतला गेले, मग आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने मोंबासा, झांझिबार, दार-ए-सलाम असं करत खाली डर्बनला. तिथे पैसे संपले. बोट बांधून ठेवली आणि नोकऱ्या केल्या. मग केपटाऊन, आणि केपटाऊनहून कुठेही न थांबता थेट लंडन. जगप्रदक्षिणेची खरी चाचणी ही होती. बोट महिनोन् महिने समुद्रावर राहू शकते हे त्यांना तिथे कळलं.

1968 ची शर्यत काय होती?

लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने जाहीर केलेली, गोल्डन ग्लोब नावाची. एकट्याने, न थांबता, कुणाचीही मदत न घेता जगप्रदक्षिणा. 1 जून ते 31 ऑक्टोबरच्या दरम्यान ज्याला जेव्हा निघायचं तेव्हा निघावं. जो आधी परतेल त्याला चषक, ज्याला सर्वांत कमी दिवस लागतील त्याला 5,000 पौंड. नऊ जण निघाले, पूर्ण एकाने केली.

बाकीच्या आठांच्या कहाण्या एकेक पुस्तकाच्या आहेत. फ्रेंच खलाशी बर्नार मोआतेसिए केप हॉर्न, म्हणजे दक्षिण अमेरिकेचं टोक, ओलांडून जवळजवळ जिंकत आला होता, पण त्याने परत फिरायचंच नाही असं ठरवलं आणि आणखी अर्धं जग पार करून ताहितीला गेला. नायजेल टेटली यांची बोट शेवटच्या टप्प्यात अटलांटिकमध्ये मोडली. डोनाल्ड क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच घुटमळत राहिले, खोट्या जागा कळवत राहिले, आणि त्यांची रिकामी बोट सापडली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी 5,000 पौंडांचं बक्षीस क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकलं.

समुद्रात बुडी मारून बोटीची गळती बुजवली, हे खरं की दंतकथा?

खरं आहे, आणि माझ्या मते संपूर्ण सफरीतला सर्वांत वाचनीय भाग तोच. केप हॉर्नच्या लाटांबद्दल सगळेच लिहितात.

निघून काही आठवडे झाले होते, बोट केप व्हर्दे बेटांच्या पुढे आली होती. रोज जास्त पाणी उपसावं लागत होतं. खाली बुडी मारून पाहिलं तर तळाच्या कण्याला लागून असलेला फळीचा सांधा दोन्ही बाजूंनी, डोलकाठीच्या जवळ, बराच लांब उघडला होता. लाटेबरोबर बोट हलली की सांधा उघडमीट करत होता. हा सांधा बंदरात बोट वर ओढून बुजवायचा असतो. आपल्याकडे वर्सोव्याला किंवा करंजाला पावसाळ्यात नावा वर काढलेल्या असताना हे काम चालतं. बाहेरून कापसाची वळी सांध्यात ठोकायची, वरून लुकण किंवा डांबर. पाच फूट पाण्याखाली, श्वास धरून, डोलणाऱ्या बोटीला हे करायचं तर हातोडा मारताच माणूस मागे ढकलला जातो.

पहिला प्रयत्न फसला. कापूस ठोकून पुढच्या श्वासासाठी वर यावं तोवर तो बाहेर येत होता. मग त्यांनी डेकवर बसून कॅनव्हासची अरुंद पट्टी कापली, तिच्यावर कापूस शिवला, डांबर चोपडलं आणि पट्टीत आधीच तांब्याचे खिळे टोचून ठेवले, म्हणजे खाली गेल्यावर फक्त ठोकायचं राहील. पट्टी लाटांनी उखडू नये म्हणून तिच्यावर तांब्याचा पातळ पत्रा मारला. हा पत्रा बोटीवर रेडिओ बसवताना उरला होता. गोरी कातडी शार्कला लांबून दिसू नये म्हणून अंगात गडद शर्ट आणि जीन्स. तरी एक शार्क आलाच. ते वर चढले, रायफल घेतली, तो अगदी जवळ येईपर्यंत थांबले आणि गोळी घातली. रक्ताच्या वासाने आणखी येतील म्हणून काही वेळ पाणी न्याहाळलं, मग पुन्हा खाली.

एक बाजू झाली. दुसरी समुद्र शांत झाल्यावर. ती दुरुस्ती फालमथपर्यंत टिकली.

दोन्ही टोकं निमुळती ठेवण्याचा फायदा काय?

मागून लाट आली की रुंद, सपाट पाठीची बोट उचलली जाते आणि पुढे घसरते. घसरता घसरता आडवी वळली की संपलं. निमुळत्या पाठीवर लाट दुभंगते. शिवाय नॉक्स-जॉन्स्टन वादळात जाडजूड लांब दोराची दोन्ही टोकं बोटीला बांधून मधला भाग मागे पाण्यात सोडून देत. त्याच्या ओढीने बोटीची पाठ लाटेकडेच राहायची.

तोटा असा की या आकारात वेग नाही. आणि मागच्या बाजूला जागा इतकी कमी की सामान ठेवताना वैताग येतो. बंदरातल्या बंदरात फिरायचं असेल तर एरिक घेऊ नये.

एवढी संथ बोट जिंकली कशी?

सुमारे 30,000 मैल, 312 दिवस. म्हणजे सरासरी चार नॉट, ताशी चार सागरी मैल. माझगावहून रेवसला जाणारी लाँच याहून जोरात जाते. शर्यतीतल्या सर्वांत लहान बोटींपैकी ही एक आणि तयारीला पैसाही कमी.

पण ही बोट स्वतःची स्वतः सरळ चालायची. वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू ऑस्ट्रेलियाच्या आसपास निकामी झालं. दुसऱ्या एखाद्या बोटीवर तिथेच शर्यत संपली असती. लांब कण्यामुळे सुहैलीवर शिडं नीट जुळवली आणि सुकाणू बांधून ठेवलं की ती वाट सोडत नसे, माणूस झोपू शकत असे. दुसरं, जे मोडलं ते हाताने नीट होण्यासारखं होतं. आणि बरंच मोडलं. दक्षिण समुद्रात सप्टेंबरमध्ये बोट आडवी झाली, केबिनच्या सांध्यांना भेगा पडल्या, त्या आतून बोल्ट मारून आवळाव्या लागल्या. टाकीतलं गोडं पाणी नासलं, मग पावसाचं पाणी शिडात धरून प्यावं लागलं. रेडिओ बंद पडला. न्यूझीलंडला ओटागोच्या तोंडाशी बोट वाळूत रुतली आणि भरतीबरोबर सुटली. 17 जानेवारी 1969 ला केप हॉर्न पार झालं, पण ते जगाला कळलं नाही. न्यूझीलंड सोडल्यापासून चार महिन्यांहून जास्त काळ बोटीचा पत्ता नव्हता. एप्रिलमध्ये अझोर बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाने तिला पाहिलं तेव्हा घरच्यांना कळलं की माणूस जिवंत आहे.

फालमथला कस्टमवाले बोटीवर चढले आणि शिरस्त्याप्रमाणे विचारलं, कुठून आलात? उत्तर होतं: फालमथहून.

त्यानंतर बोटीने काय केलं?

निवृत्ती घेतली नाही. 1989 मध्ये नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावरून अटलांटिक पार करून बहामाला गेले, तेही कोलंबसच्या काळातल्या अ‍ॅस्ट्रोलेबने सूर्य-तारे मोजत. 1991 मध्ये गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन यांना घेऊन ग्रीनलंडला. तिथे खलाशाने डोंगर चढायचा आणि गिर्यारोहकाने शीड ओढायचं, असा करार होता.

संग्रहालयात ठेवलेली बोट बाहेर का काढली?

1990 च्या दशकाच्या अखेरीस सुहैली ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात गेली. मान मोठा, पण हवा कोरडी. रिकामं लाकडी पिंप उन्हात ठेवलं की त्याच्या फळ्या आखडतात आणि फटी पडतात, तसंच झालं. पाण्यात भिजत राहण्यासाठी बांधलेली बोट नियंत्रित हवेत आकसायला लागली. 2002 मध्ये मालकाने तिला तिथून हलवलं आणि पुन्हा पाण्यात आणायचं ठरवलं.

संग्रहालयाचा हेतू चांगला होता, पण मला हा निर्णय पटतो. लोखंडी तोफ काचेमागे जपता येते, लाकडी बोट नाही.

पुनर्बांधणीत नेमकं काय केलं?

मोठं काम 2010 च्या दशकात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर झालं आणि 2016 मध्ये बोट पुन्हा पाण्यात उतरली. सत्तरी पार केलेले नॉक्स-जॉन्स्टन स्वतः हत्यारं घेऊन त्यात राबत होते.

मुख्य दुखणं लोखंडाचं. फळ्या बरगड्यांना ज्या लोखंडी खिळ्या-बोल्टांनी जखडल्या होत्या ते पन्नास वर्षांच्या खाऱ्या पाण्याने गंजले होते. लोखंड गंजलं की फुगतं, आजूबाजूचं लाकूड काळं आणि भुसभुशीत करतं. बाहेरून रंग ठीक दिसतो, आत पकड उरलेली नसते. असा प्रत्येक खिळा काढायचा, भोक साफ करायचं आणि त्या जागी ब्राँझचा बसवायचा. हे काम कंटाळवाणं आणि निर्दय आहे. एक खिळा सहज निघतो, पुढचा अर्ध्यावर तुटतो आणि त्याच्यामागे अर्धा दिवस जातो. सागवानी फळ्या मात्र मुंबईच्याच. 14 जून 2018 ला, निघाल्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, ती फालमथच्या पाण्यात शिडं लावून हजर होती.

भारतात तिची प्रतिकृती बांधली होती ना?

हो. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये, 2017 मध्ये. नाव थुरिया. जुन्या शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 2018 मध्ये नवी गोल्डन ग्लोब झाली. उपग्रहावरून वाट काढायची नाही, जुन्या धाटणीच्याच बोटी. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी तिच्यात थुरिया घेऊन उतरले. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने बोट उलटीपालटी झाली, डोलकाठ्या गेल्या आणि टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे 1,900 मैलांवर. तीन दिवसांनी ओसिरिस या मासेमारीवर गस्त घालणाऱ्या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. हेच टॉमी 2022 च्या शर्यतीत पुन्हा उतरले, दुसऱ्या बोटीवर, आणि 2023 मध्ये दुसरे आले.

यावरून ‘म्हणजे एरिकचा आराखडाच धोकादायक’ असं कुणी म्हटलं तर पटत नाही. त्याच वादळात दुसऱ्या आराखड्याच्या बोटीचीही डोलकाठी मोडली.

नौदलाची म्हादेई सुहैलीसारखीच का?

नाही. म्हादेई 56 फुटी, डच आराखड्याची, पूर्ण वेगळी बोट. पण धागा एक आहे. भारतीयाने एकट्याने जगप्रदक्षिणा करावी हा ध्यास व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहून हा माणूस समुद्राच्या मागे लागलेला होता. त्यासाठी पुढे आले कमांडर दिलीप दोंदे, आणि ते धडे घ्यायला गेले नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच, त्यांच्या नव्या बोटीच्या तयारीत पडेल ते काम करत. दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघाले आणि चार थांबे घेऊन मे 2010 मध्ये परतले. 1 नोव्हेंबर 2012 ला टॉमी याच म्हादेईवरून मुंबईहून निघाले आणि 31 मार्च 2013 ला न थांबता परत आले. म्हणजे मुंबईच्या बोटीने जे फालमथहून केलं, ते मुंबईहून व्हायला आणखी 44 वर्षं लागली.

मुंबईत यातलं काय बघायला मिळेल?

सुहैली नाही, ती इंग्लंडमध्ये आहे. पण अपोलो बंदरावर 1846 मध्ये स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, आणि त्याची जुनी इमारत आज अणुऊर्जा विभागाकडे आहे. ऑक्टोबर ते मे या काळात सुट्टीच्या दुपारी गेटवेच्या कठड्याशी उभं राहिलं की बंदरात शिडं दिसतात. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या नावांच्या प्रतिकृती आहेत, लहान मुलांना घेऊन जरूर जा. आणि सर्वांत चांगलं म्हणजे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा एखाद्या कोळीवाड्यात जा. वर काढलेल्या नावेचं पोट जवळून बघायला मिळतं. आधी विचारा, मग फोटो काढा.

मला स्वतःची एरिक बांधायची आहे. कुठून सुरुवात करू?

आराखडे विकत मिळतात, तो खर्च किरकोळ. सागवान किरकोळ नाही. 1963 मध्ये जे पगारात बसलं त्याची आज फ्लॅटच्या किमतीशी तुलना करावी लागेल. कोकणातले नवे बांधणारे बहुतेक फायबरकडे वळले आहेत किंवा लाकडावर फायबरचा थर देतात. निव्वळ लाकडी काम येणारे मिस्त्री अजून आहेत, पण ते तरुण नाहीत. खिळे-बोल्ट पहिल्या दिवसापासून ब्राँझचे किंवा तांब्याचे घ्या, लोखंडात वाचवलेले पैसे पुढे दहापट जातात. आणि लाकडाची ऑर्डर देण्याआधी जून ते सप्टेंबर बोट कुठे ठेवणार ती जागा पक्की करा. मुंबईत लाकूड मिळतं, मिस्त्री मिळतो, ती जागा मिळत नाही.